चाक परत लावलं आणि डिस्क ब्रेक घासायला लागला, तर

"पंक्चर काढलं, चाक परत लावलं, आणि तेव्हापासून ब्रेक खर्र-खर्र घासतोय." डिस्क ब्रेकच्या सायकलीबद्दलची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा ब्रेकला काहीच झालेलं नसतं. चाक आधी जिथे होतं तिथे बसलेलं नसतं, एवढंच. रिम ब्रेकमध्ये रबर आणि रिम यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा असते, त्यामुळे चाक थोडं तिरकं बसलं तरी खपून जातं. डिस्कमध्ये पॅड आणि रोटर यांच्यातली फट दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. एक्सल (चाकाच्या मधोमध असणारा दांडा) खाचेत केसभर वर-खाली राहिला की रोटर पॅडला लागलाच. म्हणून चाक काढणं-बसवणं आणि ब्रेकची देखभाल ही दोन वेगळी कामं समजू नयेत. ब्रेकच्या बऱ्याचशा तक्रारी चाक हातात असतानाच जन्माला येतात.

तीन नावं आधी पक्की करून घेऊ. रोटर म्हणजे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसवलेली स्टीलची पातळ तबकडी. कॅलिपर म्हणजे चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर) किंवा फ्रेमवर दोन बोल्टने बसवलेला तो जाडसर भाग, ज्यातून रोटर फिरतो. पॅड म्हणजे कॅलिपरच्या आतल्या दोन लहान पट्ट्या, ज्या रोटरला दोन्ही बाजूंनी दाबतात. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये त्यांना पिस्टन ढकलतो आणि पिस्टनला ऑइल. केबलवाल्या ब्रेकमध्ये हे काम तारेने ओढलेला एक आडा, म्हणजे कॅलिपरवरचा फिरणारा छोटा दांडा, करतो.

एक्सल कोणता आहे?

तीन प्रकार चालतात. नटवाला एक्सल, क्विक रिलीज आणि थ्रू एक्सल.

नटवाल्याला दोन पाने लागतात, मागच्या चाकाला बहुतेक १५ मिलिमीटरचे. दोन्ही बाजूंचे नट थोडे थोडे आळीपाळीने सैल करा आणि वायसर कोणत्या क्रमाने होते ते बघून ठेवा. खाचेत अडकणारा दातेरी वायसर चुकून बाहेर लागला की चाक कधीच सरळ बसत नाही. मागच्या हबमध्ये मोटर असेल तर आधी केबलचा जोड सोडवा. ओढून नाही, जोडावरचे बाण जुळवून सरळ रेषेत. एक्सलला फिरू न देणारी पट्टी असेल तर ती परत तशीच लावायची, कारण मोटरचा सगळा पीळ तिच्यावर येतो.

क्विक रिलीजमध्ये पोकळ एक्सलमधून ५ मिलिमीटरची बारीक सळई जाते. एका टोकाला लिव्हर, दुसऱ्या टोकाला नट. इथे होणारी सर्वात मोठी गफलत म्हणजे लिव्हर पकडून स्क्रूसारखी गरागरा फिरवत आवळणं. तसं आवळलेलं चाक घट्ट वाटतं, पण नसतं. लिव्हरच्या बुडाशी अंड्याच्या आकाराचा कॅम असतो आणि पकड त्याच्यामुळे येते. म्हणून लिव्हर पूर्ण उघडी ठेवून समोरचा नट हाताने आवळायचा आणि मग लिव्हर उलटी पाडून बंद करायची. लिव्हर सळईच्या रेषेत, म्हणजे निम्म्यावर आली की विरोध जाणवायला लागला पाहिजे, आणि पूर्ण बंद करताना तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. सहज बंद झाली तर ती उघडा, नट पाव फेरा आवळा, परत बंद करा. सळईवरच्या दोन शंकूसारख्या स्प्रिंगांची निमुळती बाजू हबकडे असते. स्प्रिंग उलटी लागली तर तिचा रुंद घेर एक्सलच्या टोकावर चढतो आणि पकड नीट बसत नाही.

पुढच्या चाकाची लिव्हर रोटरच्या विरुद्ध बाजूला ठेवलेली बरी. गरम रोटरला हात लागत नाही आणि दुसरा धोकाही टळतो: काही जुन्या लिव्हर इतक्या उघडतात की सैल राहिल्यास रोटरच्या भोकांत अडकून चाक जागच्या जागी थांबवू शकतात. याच कारणासाठी २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिका आणि कॅनडातून सुमारे दहा लाख सायकली तपासणीसाठी परत मागवल्या होत्या. त्या वेळची चाचणी आजही कामाची आहे. लिव्हर पूर्ण उघडा, रोटरच्या दिशेने वळवा आणि दोन्हींच्या मध्ये साधी शिसपेन्सिल जाते का बघा. जात नसेल तर सळई बदला.

थ्रू एक्सल म्हणजे १२ किंवा १५ मिलिमीटर जाडीचा दांडा, जो चिमट्याच्या बंद भोकांतून आरपार जातो आणि पलीकडच्या आट्यांमध्ये बसतो. ५ किंवा ६ मिलिमीटरच्या ॲलन कीने, नाहीतर त्याच्याच लिव्हरने तो फिरवून काढायचा. बहुतेकांवर किती आवळायचा ते कोरलेलं असतं, साधारण १२ ते १५ न्यूटन-मीटर. डिस्क ब्रेकसाठी हीच रचना उत्तम, कारण चाक दर वेळी त्याच जागी बसतं. नवीन सायकल घ्यायची असेल आणि दोन्हींपैकी निवडायची मुभा असेल तर डोळे झाकून थ्रू एक्सल घ्या. आट्यांना आणि दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या. पण तेच बोट नंतर रोटरला लावू नका.

चाक काढताना

नुकताच उतार उतरून आला असाल तर थांबा. रोटर एवढा तापतो की बोट लावलं तर फोड येईल. आणि तो थंड असला तरी फिरत्या चाकाजवळ बोटं नेऊ नका. रोटरच्या भोकांना धार असते.

पुढचं चाक सोपं. क्विक रिलीज असेल तर लिव्हर उघडून भागत नाही. चिमट्याच्या टोकांना लहान उंचवटे असतात, चाक अचानक निसटू नये म्हणून, त्यामुळे नट पाच-सहा फेरे सैल करावा लागतो. हे उंचवटे कटकट वाटतात म्हणून काही जण कानसने घासून टाकतात. डिस्कच्या सायकलीवर हे अजिबात करू नका. ब्रेक दाबला की कॅलिपर रोटरला अडवतो आणि त्याचा उलटा जोर एक्सलवर येतो. चिमट्याची रचना अशी आहे की तो जोर एक्सलला खाचेतून खाली, बाहेर ढकलू पाहतो. रिम ब्रेकमध्ये हा प्रकार नसतो.

मागच्या चाकाची तयारी सायकल उभी असतानाच करा. मागचा गिअर सर्वात लहान चकतीवर आणा. डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर) क्लचची छोटी कळ असेल तर ती बंद करा, नाहीतर डिरेलर ताठ राहतो आणि चाकाशी कुस्ती करावी लागते. एक्सल सैल करा किंवा काढा, एका हाताने सीटखालून सायकल उचला, दुसऱ्या हाताने डिरेलर मागे आणि खाली ओढा. चाक स्वतःच्या वजनाने खाली येतं. अडलं तर टायरवर वरून तळहाताने थाप मारा. चेन कॅसेटवर (मागच्या चकत्यांच्या संचावर) अडकली असेल तर ती हाताने उचलून बाजूला करा आणि ते हात लगेच पुसा. चेनचं वंगण रोटरवर जाण्याची ही सगळ्यात सोपी वाट आहे.

सायकल उलटी करून काम करायची सवय बऱ्याच जणांना असते. केबलच्या ब्रेकला काही होत नाही. हायड्रॉलिकमध्ये ब्रेकच्या लिव्हरजवळच्या ऑइलच्या टाकीत हवेचा बुडबुडा राहिलेला असेल तर तो उलट्या अवस्थेत नळीत शिरू शकतो आणि ती लिव्हर नरम पडते. सायकल सरळ करून थोडा वेळ उभी ठेवा, लिव्हर दहा-वीस वेळा हळूहळू दाबा. बहुतेकदा ती पूर्ववत होते. दर वेळी असं होत असेल तर टाकीत हवा आहे, ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे ऑइलमधली हवा काढून घ्या.

काढलेलं चाक जमिनीवर ठेवताना रोटर वरच्या बाजूला राहील असं ठेवा.

चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबू नका

हे एक वाक्य पाळलं तर हायड्रॉलिक ब्रेकचा निम्मा त्रास वाचतो. का, ते समजून घ्या. प्रत्येक पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची रबरी सील असते. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर किंचित पिळते. लिव्हर सोडली की पिळलेली सील सरळ होते आणि पिस्टनला तेवढंच मागे ओढते. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं. तेव्हा तो सीलमधून घसरून पुढे जातो आणि सील त्याला नव्या जागी धरते. म्हणजे झीज आपोआप भरून निघते. रचना सुंदर आहे, पण तिला रोटर आहे की नाही हे कळत नाही. रोटर नसताना लिव्हर दाबली तर पॅड खूप झिजलेत असं समजून पिस्टन पुढे येतात आणि तिथेच राहतात. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक आत जात नाही.

उपाय म्हणजे चाक निघाल्यावर पॅडांच्या मधे प्लॅस्टिकचा ठोकळा घालायचा. ब्रेकच्या खोक्यात तो येतो, फेकू नका. नसेल तर पुठ्ठ्याची घडी चालते, फक्त ती स्वच्छ आणि तेलाचा डाग नसलेली हवी. गाडीत किंवा ट्रेनमध्ये सायकल सुटी करून नेताना हे विसरायचंच नाही. सामान हलताना लिव्हर दाबली जातेच.

आणि दाबली गेलीच तर? पॅड आत असतानाच त्यांच्या मधल्या फटीत टायर काढायची प्लॅस्टिकची पट्टी किंवा रुंद चपटा स्क्रू ड्रायव्हर घाला आणि हलक्या हाताने दोन्हीकडे ढकला. स्क्रू ड्रायव्हर पॅडच्या घासायच्या पृष्ठभागावर ओरखडा पाडू शकतो, म्हणून प्लॅस्टिक बरं. पॅड काढून उघड्या पिस्टनवर धातूचं हत्यार कधीच लावू नका. बरेच पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि कडेला टवका उडाला की कॅलिपर गळायला लागतो.

बसवताना

मागचं चाक लावताना दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. चेनची वरची बाजू सर्वात लहान चकतीवर बसली पाहिजे आणि डावीकडे रोटर पॅडांच्या बरोबर मधे शिरला पाहिजे. मागून वाकून बघा. रोटर अडला तर जोर लावू नका. पॅडची कड तुटते किंवा मधली पातळ स्प्रिंग वाकून रोटरला लागत राहते. थोडं मागे घ्या, सरळ करा, परत घाला.

क्विक रिलीज किंवा नटवाली सायकल असेल तर चाकं जमिनीवर टेकवा, हँडलवर वा सीटवर थोडा भार द्या, एक्सल दोन्ही खाचांत तळापर्यंत बसू द्या आणि मगच आवळा. सायकल हवेत धरून किंवा आडवी पाडून आवळली तर चाक एका बाजूला टेकतं, आणि घासण्याची तक्रार इथूनच येते. क्विक रिलीजची लिव्हर बंद असताना तिचं टोक पुढे येऊ देऊ नका, वरच्या किंवा मागच्या दिशेला ठेवा.

मग दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे ढकलले असतील तर पहिल्या दाबाला ब्रेकची लिव्हर थेट हँडलला टेकते. ही गोष्ट सायकलवर बसायच्या आधी कळलेली बरी, उतारावर नको. लिव्हर कडक लागली, चाक उचलून फिरवलं आणि ते मोकळं फिरलं, की निघा.

तरीही घासतंय

इथे क्रम महत्त्वाचा. आधी चाक, मग कॅलिपर, मग रोटर. बरेच जण थेट कॅलिपरचे बोल्ट सोडतात. तिरक्या चाकावर कॅलिपर जुळवला की पुढच्या वेळी चाक सरळ बसल्यावर तो पुन्हा घासतो, आणि हे चक्र संपत नाही.

म्हणून प्रथम एक्सल सोडा, भार द्या, परत आवळा. निम्म्या वेळा एवढ्यावर काम भागतं. नाही भागलं तर आवाज ऐका. चाक फिरताना सलग घासत असेल तर कॅलिपर एका बाजूला आहे. दर फेरीला एकदाच "खस्‌" असा आवाज येत असेल तर रोटर वाकला आहे.

कॅलिपर जुळवायची नेहमीची पद्धत अशी. त्याचे दोन बोल्ट इतके सैल करा की तो डावी-उजवीकडे हलेल. ब्रेकची लिव्हर जोरात दाबा आणि दाबून ठेवा. कॅलिपर रोटरवर स्वतःला मधे आणतो. लिव्हर दाबलेली ठेवूनच बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर वायसरच्या घर्षणाने कॅलिपर फिरतो. शेवटी ६ ते ८ न्यूटन-मीटर. ही युक्ती दहापैकी सात-आठ वेळा तरी जमून जाते असं धरून चाला. ज्या वेळी जमत नाही, तेव्हा दोघांपैकी एक पिस्टन आळशी असतो. तो कमी सरकतो, त्यामुळे लिव्हर दाबताना कॅलिपर चुकीच्या बाजूला ओढला जातो.

मग डोळ्याने जुळवायचं. कॅलिपरच्या खाली किंवा मागे पांढरा कागद धरा आणि वरून रोटरच्या रेषेत बघा. रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. एक रेघ जाड आणि दुसरी गायब असेल तर बोल्ट जेमतेम सैल करून कॅलिपर बोटाने किंचित ढकला. हलवणं कागदाच्या जाडीएवढंच असतं. दोन्ही रेघा रोटरच्या पूर्ण लांबीत समान हव्यात. पुढे रुंद आणि मागे निमुळती असेल तर कॅलिपर तिरका आहे.

वाकलेला रोटर सरळ करता येतो, पण घाई नको. चाक हळू फिरवून तो नेमका कुठे पॅडला लागतो ते हेरा, तो भाग कॅलिपरमधून बाहेर आणा आणि स्वच्छ ॲडजस्टेबल पान्याच्या जबड्यात धरून विरुद्ध दिशेने किंचित वाकवा. परत फिरवून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच बदल वाटणार नाही इतका कमी जोर लावायचा. खूप तापून निळा-जांभळा पडलेला किंवा आपटून पोचा पडलेला रोटर सरळ करत बसण्यात अर्थ नाही.

ओल्या रस्त्यावरून गेल्यावर किंवा वळणावर उभं राहून पेडल मारताना थोडा "टिंग-टिंग" आवाज येणं चालतं. त्यासाठी पाना काढू नका.

पॅड कधी आणि कसे बदलायचे

पॅडमध्ये एक धातूची पाठपट्टी असते आणि तिच्यावर घासणारा थर. थर अर्धा मिलिमीटर उरला की बदला. पाठपट्टीसकट एकूण जाडी मोजायला सांगणाऱ्या कंपन्या ३ मिलिमीटर हा आकडा देतात. वरून बघून अंदाज येत नाही, कारण पॅड बऱ्याचदा तिरके झिजतात. चाक काढा, टॉर्च मारा, नाहीतर सरळ पॅड बाहेर काढून बघा. थर संपून धातू रोटरला लागला तर कर्कश आवाज येतो आणि रोटरही जातो.

दोन प्रकारचे पॅड मिळतात. रेझिनचे किंवा ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, शांत चालतात, पटकन पकडतात, पण पाऊस-चिखलात भराभर झिजतात. सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड टिकतात, उष्णता सोसतात, पण ओले झाले की ओरडतात. ज्या रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी असं कोरलेलं असतं त्यावर धातूचे पॅड लावू नका. त्या रोटरचं स्टील मऊ असतं.

पॅड धरून ठेवायला एकतर दुमडलेली पिन असते, नाहीतर आट्यांची पिन आणि तिच्या टोकाला छोटी क्लिप. क्लिप उडून हरवते, आधी तिच्यावर बोट ठेवा. पिन काढून दोन्ही पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्रच बाहेर ओढा. नवे पॅड घालण्याआधी पिस्टन मागे न्यावे लागतात, पण त्याआधी ते पुसा. बाहेर आलेल्या पिस्टनवर काळी भुकटी चिकटलेली असते. ती तशीच आत ढकलली तर सील खराब होते. कानकोरण्याच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कडा साफ करा, जुने पॅड परत ठेवून त्यांच्या मधून पट्टी घालून पिस्टन सपाट मागे ढकला.

पिस्टन मागे जातच नसतील, किंवा नवे पॅड घातल्यावर रोटर मावतच नसेल, तर बहुतेक पॅड झिजलेले असताना कोणीतरी टाकीत ऑइल काठोकाठ भरलं आहे. आता जादा ऑइलला जायला जागा नाही. लिव्हर आडवी करून तिच्यावरचा ब्लीडिंगचा स्क्रू उघडा, भोवती फडकं धरा आणि मग पिस्टन ढकला. असं भरलेलं ऑइल उतारावर तापून फुगलं की ब्रेक आपोआप लागतो, म्हणून हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आळशी पिस्टनचा इलाजही याच वेळी करता येतो. चांगला सरकणारा पिस्टन पट्टीने अडवून धरा आणि लिव्हर हळूहळू दाबत आळशी पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणा. त्याहून जास्त नको, पूर्ण बाहेर पडला तर सगळं ऑइल सांडेल. कडा पुसा, ब्रेकमध्ये जे ऑइल आहे त्याच ऑइलचा एक थेंब लावा, मागे ढकला. तीन-चार वेळा केलं की तो बहुधा सुटतो. उरलेलं ऑइल पॅड लावण्याआधी पूर्ण पुसून काढा.

तेलकट पॅड

लिव्हर कडक आहे पण सायकल थांबत नाही, किंवा थांबताना किंचाळते, तर ऑइल बदलायच्या मागे लागू नका. दोष पॅड आणि रोटर यांच्या पृष्ठभागात आहे. आणि लिव्हर स्पंजासारखी दबते तेव्हा दोष ऑइलमधल्या हवेत असतो. एवढा फरक ओळखता आला की विनाकारण होणारी ब्लीडिंग टळते.

पृष्ठभाग खराब होतो तो फवाऱ्याच्या डब्यांमुळे. चेनवर किंवा फ्रेमवर मारलेला वंगणाचा, पॉलिशचा फवारा हवेतून रोटरवर बसतो. चेनला थेंबाथेंबाने ऑइल द्या आणि फवारा मारायचाच असेल तर चाकं काढून ठेवा. रोटरला बोटं लावणंही टाळा.

रोटर साफ करायला स्वच्छ फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध. डिझेल, रॉकेल, साधं डीग्रीजर यांचा थर मागे राहतो. पॅड नुसते चकचकीत झाले असतील तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर, सपाट जागेवर, आठच्या आकड्यात घासून वरचा थर काढा. धूळ नाकात जाऊ देऊ नका. पण पॅडमध्ये ऑइल मुरलं असेल तर ते गेलेच समजा. गॅसवर भाजून ऑइल जाळायचे उपाय सांगितले जातात. त्यात थर पाठपट्टीपासून सुटण्याची भीती असते. ब्रेकच्या बाबतीत एवढी काटकसर नको.

रोटर आणि त्याचं बसवणं

रोटरची जाडी व्हर्नियरने मोजा. नवा साधारण १.८ मिलिमीटर असतो, बऱ्याच कंपन्यांची किमान मर्यादा १.५. काही रोटर मुळातच २ मिलिमीटरचे असतात आणि त्यांची मर्यादाही वेगळी, म्हणून रोटरवर कोरलेला आकडा खरा. घासणाऱ्या पट्ट्यात नखाला पायरी लागत असेल तर मोजायची वेळ झाली.

बदलताना व्यास तोच ठेवा. १४०, १६०, १८०, २०३ असे मापाचे रोटर येतात आणि कॅलिपर त्या मापालाच बसवलेला असतो. सहा बोल्टच्या रोटरला टी-२५ चा पाना लागतो. बोल्ट समोरासमोरचे आवळत जा, रांगेने नाही. कंपनीप्रमाणे २ ते ६ न्यूटन-मीटर. सेंटरलॉक प्रकारात एकच रिंग असते आणि तिच्यावर ४० न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघा.

नवे पॅड किंवा नवा रोटर लावला की पहिल्याच दिवशी ब्रेक कमकुवत वाटतो. पॅडचा पातळ, एकसारखा थर रोटरवर बसल्याशिवाय पकड येत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरपर्यंत वेग घ्या, एकच ब्रेक ठामपणे दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, सोडा. असं वीसेक वेळा, मग थोड्या जास्त वेगाने आणखी दहा वेळा. मग दुसरा ब्रेक. पूर्ण थांबायचं नाही आणि चाक लॉक होऊ द्यायचं नाही. थांबलात तर त्याच जागी पॅडचा ठसा रोटरवर उमटतो आणि पुढे तिथे ब्रेक धडधडतो.

केबलवाले डिस्क

यांच्यात बऱ्याचदा बाहेरचा एकच पॅड हलतो. तो रोटरला ढकलून आतल्या स्थिर पॅडवर टेकवतो, म्हणजे रोटर दर वेळी किंचित वाकतो. हे नॉर्मल आहे. पण झीज आपोआप भरून निघत नाही. आतला पॅड त्याच्या डायलने किंवा ॲलन कीने रोटरच्या अगदी जवळ, न लागता, आणून ठेवा. मग बाहेरचा. नुसती तार ताणून झीज भरत राहिलात तर आडा आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि ताकद कमी होते. तारेच्या नळीत गंज असेल तर बाकी सगळी जुळवाजुळव वाया.

ऑइल

हायड्रॉलिक ब्रेकच्या ऑइलच्या दोन जाती आहेत, मिनरल ऑइल आणि डॉट (डब्यावर DOT असं लिहिलेलं असतं). शिमानो, मागुरा, टेक्ट्रो मिनरल वापरतात. होप डॉट. स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉटचे, पण डीबी-८, मेव्हन असे त्यांचे नवे काही ब्रेक मिनरलचे. म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरच्या टाकीवर काय लिहिलंय ते वाचा. एकाच्या जागी दुसरं घातलं की सील फुगतात आणि ब्रेक गेला. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळं असतं. ते डॉट ५.१ च्या जागी चालत नाही.

डॉट हवेतलं पाणी शोषतं. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २६० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १८० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ऑइल उकळलं तर वाफ तयार होते, वाफ दबते आणि लिव्हर हँडलला टेकते. म्हणून डॉट साधारण वर्षातून एकदा बदलावं. मिनरल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी जड असल्याने सर्वात खाली, म्हणजे कॅलिपरमध्येच साठतं आणि १०० अंशांना उकळतं. वर्ष-दीड वर्षाने तेही बदला, किंवा काळं दिसलं की लगेच.

लिव्हर धरून ठेवल्यावर हळूहळू हँडलकडे सरकत गेली तर हवा नाही, गळती किंवा खराब सील आहे. नळीचे जोड आणि लिव्हरचं रबर बघा. ब्लीडिंग स्वतः करणार असाल तर चाक काढून बाजूला ठेवा, पॅड काढून पिशवीत बंद करा आणि त्यांच्या जागी ठोकळा घाला. एक थेंब जरी पॅडवर पडला तरी पॅडची नवी जोडी आणावी लागते. डॉट फ्रेमवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतील.